धुऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपल

आरमोरीच्या पुढे, जिथे डांबर संपतं
आणि येनाची झाडं सुरू होतात,
तिथे माझा बाप, इस्तारी दुमाने,
भादवा लागला की जंगलात राहायला जातो.
दाढी करायची नाही, खाटेवर निजायचं नाही,
मासळी नाही (आम्ही ढिवर, आणि मासळी नाही!),
बाईची सावलीही नाही,
झाडावरच्या अळ्या कोष बांधेस्तोवर.

म्हणून मी भाताचा डबा धुऱ्यावर ठेवते,
दहा पावलं मागे सरते,
आणि आम्ही बापलेक ओरडून बोलतो.

"काय वाचतं व माय?"
"बायझंटाईन."
"कोन्त्या तालुक्यात येते?"

आता कोणत्याच नाही, बाबा. होतं अकराशे वर्षं.
ती माणसं स्वतःला रोमनच म्हणायची,
हे नाव दुसऱ्यांनी मागाहून ठेवलं.
बाप मान हलवतो.
जातीच्या दाखल्यावर आमचीही तीन स्पेलिंगं आहेत.

मग मी काठीची गोष्ट सांगते.
राजाला रेशीम हवं, मधले इराणी मनमानी भाव लावणारे,
तेव्हा दोन साधू पूर्वेकडून
किड्यांची अंडी चोरून घेऊन आले,
पोकळ काठीत, असं पुढे लोक सांगू लागले.

बापाने गलोल ताणली. कावळा उडाला.
"काठीत? नवव्या रोजी फुटते अंडं.
गाव येईस्तोवर काठी वळवळन."
त्यांची जात वेगळी, तुतीची. हिवाळाभर निजते.
"मंग जमन."
आणि तिथल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय,
अंडी शेणाने झाकून उबवली.
बाप पहिल्यांदा धुऱ्याच्या जवळ आला.
"हे बराबर लिवलं. पुसून लिवलं त्यानं."

राजाचा जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायींचा.
तसलं कापड दुसऱ्या कोणी नेसलं तर गुन्हा.
आमचा कोसा वाळल्या मातीच्या रंगाचा,
त्याला कुणाची मनाई नव्हती
आणि चाळीस वर्षांत बापाने तो कधी अंगाला लावला नाही.

त्यांचा एक डोंगरही आहे, मी म्हणाले,
नुसते साधू राहतात. बाई तर नाहीच,
गाय नाही, कोंबडीसुद्धा नाही.
हे मी जरा जोरातच म्हणाले.
बाप बराच वेळ झाडाकडे बघत राहिला.
"पाखरू?" तो म्हणाला. "मादी पाखराले कोन अडवते?"

त्या रात्री एक अडली नाही.
धुऱ्यापलीकडून आली, माझ्या कंदिलावर आपटली,
आणि उघड्या पानावर बसली.
पंखांवर चार डोळे, आरपार दिसणारे.
तिला तोंड नसतं. खात नाही, पीत नाही,
आठ-दहा दिवसांचं आयुष्य, ते सगळं अंड्यांसाठी.
सकाळी नकाशावर, सामुद्रधुनीच्या बरोबर कडेला,
साबुदाण्याएवढी, तपकिरी, चिकटलेली
एकशे बारा.

पुस्तक धुऱ्यावर ठेवलं. दहा पावलं मागे सरले.
बापाने ते दोन्ही हातांनी उचललं,
साठ रुपयांचं, सेकंड हँड, कव्हर नसलेलं,
आणि जिथे मला जाता येत नाही
तिथे घेऊन गेला.

परीक्षा पुस्तकाशिवाय दिली.
बायझंटाईन कलेची वैशिष्ट्ये सांगा, पाच गुण.
मी लिहिलं, मोठे डोळे. मागे सोनं.
नजर थेट बघणाऱ्याकडे, चेहरा उपाशी.
कुठून आठवत होतं, ते लिहिलं नाही.

कोष तोडून झाल्यावर बाप घरी आला,
दाढी छातीपर्यंत,
पिशवीत पुस्तक. नकाशावर टरफलांचे गोल डाग.
मासळीचा रस्सा भुरकत त्याने विचारलं,
"मंग? पडलं कसं ते शयर?"

तोफा होत्या, बाबा. माणसं कमी पडली.
आणि एक लहानसं दार
लावायचं राहून गेलं, असं म्हणतात.

त्याचा हात ताटातच थांबला.
"कोनाची पाळी होती," तो म्हणाला,
"त्या रातच्याले?"